विद्यापीठ गावात जाते तेव्हा नेमके काय होते? चंद्रपूर-गडचिरोलीतील विस्तारकार्य समजून घेताना

फेसबुक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर अशी पोस्ट तुम्ही अनेकदा पाहिली असेल. मागे बॅनर, पुढे शाल-श्रीफळ, खुर्च्यांवर पाहुणे, सतरंजीवर गावकरी आणि खाली ओळ : 'जनजागृती शिबिर उत्साहात संपन्न.' त्याच दिवशी दुसरी पोस्ट येते. अमुक प्राध्यापकांना पुरस्कार मिळाला, त्यांचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. अभिनंदनाच्या कमेंट येतात आणि आपण पुढे सरकतो.

शिबिर ज्या गावात झाले, त्या गावाला त्यातून काय मिळाले? आणि प्राध्यापकांच्या कामगिरीचा त्या गावाशी काही संबंध आहे का? चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत हे प्रश्न जास्त महत्त्वाचे ठरतात. एकट्या गडचिरोलीत हजाराहून जास्त ग्रामसभांना जंगलावर सामूहिक हक्क मिळाले आहेत. ते हक्क चालवायला कायदा, हिशेब आणि विज्ञान लागते. इथल्या अनेक मुलांची घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी आहे. तिथे शिक्षक कसा तयार होतो, यावर मूल शाळेत टिकणार की नाही हे ठरते.

म्हणून विद्यापीठाचे 'विस्तारकार्य' म्हणजे काय, ते कसे मोजतात आणि या भागात त्याचा खरा कस कुठे लागतो, हे समजून घेऊ.

गोंडवाना विद्यापीठ कधी आणि कशासाठी सुरू झाले?

गडचिरोली येथील गोंडवाना विद्यापीठाची स्थापना २७ सप्टेंबर २०११ रोजी झाली. त्याआधी चंद्रपूर आणि गडचिरोलीतील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. ते विद्यापीठ १९२३ सालचे. नव्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हे दोनच जिल्हे ठेवण्यात आले.

वेगळे विद्यापीठ का हवे होते, हे नकाशा पाहिला की कळते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि तीन चतुर्थांशाहून जास्त भाग वनांचा आहे. दक्षिण टोकाच्या सिरोंचाहून गडचिरोली शहर सुमारे २०० किलोमीटर आहे आणि तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या आसपास. गुणपत्रिकेतली एक चूक दुरुस्त करायची तर सिरोंचाच्या विद्यार्थ्याला नागपूरपर्यंत जावे लागे. त्यात दोन दिवस आणि घरची मजुरी बुडे.

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ होती आणि त्यात सुमारे ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७ होती. विद्यापीठाचे नाव इथल्या गोंड राज्यांवरून आले आहे. बल्लारशा आणि चंद्रपूर या गोंड राजांच्या राजधान्या होत्या. ५ जुलै २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू विद्यापीठाच्या दहाव्या दीक्षांत समारंभाला गडचिरोलीत आल्या होत्या.

'विस्तारकार्य' म्हणजे काय?

विद्यापीठाची तीन कामे मानली जातात : अध्यापन, संशोधन आणि विस्तार. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ सालच्या धोरणात विस्ताराला तिसरे अंग म्हणून मान्यता दिली. विद्यापीठातले ज्ञान भिंतीबाहेर नेणे आणि समाजाचे प्रश्न विद्यापीठात आणणे, असा त्याचा अर्थ. व्यवहारात पहिल्या अर्ध्या भागावर जोर असतो, दुसरा अर्धा मागे पडतो.

हे काम साधारण चार वाटांनी होते.

• राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे 'रासेयो' : २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांमध्ये सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर.

• उन्नत भारत अभियान : नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने सुरू केले. सहभागी संस्थेने किमान पाच गावे निवडून त्यांच्या प्रश्नांवर काम करायचे असते.

• आजीवन अध्ययन व विस्तार : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये यासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. ज्यांचे शिक्षण सुटले किंवा ज्यांना कामापुरते नवे शिकायचे आहे, अशा प्रौढांसाठी हे काम असते.

• अभ्यासक्रमातले श्रेयांक : नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना आता श्रेयांक आहेत. एरवी ऐच्छिक असलेले गावातले काम त्यामुळे गुणपत्रिकेत आले.

शेवटच्या बदलाचा फायदा असा की विद्यार्थी गावात जातात. धोका असा की पंचवीस विद्यार्थी तीच प्रश्नावली घेऊन त्याच गावात दरवर्षी जातात, लोक तीच उत्तरे देतात आणि अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात जातो.

प्राध्यापकांची कामगिरी कशी मोजतात?

पदोन्नतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. त्यांत शोधनिबंधांना गुण आहेत. मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या एका निबंधाला विज्ञान शाखांत ८ आणि भाषा, सामाजिक शास्त्रे, शिक्षणशास्त्र अशा शाखांत १० गुण. पुस्तके, प्रकल्प, पेटंट, पीएच.डी. मार्गदर्शन यांनाही गुण आहेत.

गावातल्या कामाचे काय? रासेयो, समाजसेवा, क्षेत्रभेटी यांची नोंद वार्षिक मूल्यमापनात 'उपक्रमातील सहभाग' म्हणून होते. परीक्षेचे काम, समितीचे काम, चर्चासत्राचे आयोजन या यादीतलाच तो एक प्रकार. म्हणजे एखाद्या शिक्षकाने भामरागडच्या गावात वर्षभर दर शनिवारी जाऊन काम केले आणि दुसऱ्याने एक दिवसाची रॅली काढली, तर कागदावर दोघांनीही त्या प्रकारचा एकेक उपक्रम केलेला असतो.

महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या 'नॅक'च्या सात निकषांपैकी तिसरा निकष संशोधन, नवोपक्रम आणि विस्तार यांचा आहे. त्यासाठी पुरावे द्यावे लागतात : छायाचित्रे, उपस्थितीपट, पत्रे, अहवाल. तुमच्या फीडमधले बॅनरचे फोटो इतके का असतात, याचे एक कारण इथे सापडते. फोटो पुरावा म्हणून लागतो. गावात काय बदलले, याचा पुरावा मिळवणे त्याहून कितीतरी अवघड असते.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा जाहीर केला. त्यात शिक्षकांच्या उल्लेखनीय योगदानाची नऊ क्षेत्रे होती. भारतीय भाषांमधले अध्यापन आणि सामुदायिक सहभाग ही त्यांतली दोन. गडचिरोलीसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी या दोन ओळींचे मोल मोठे आहे.

या गावांना विद्यापीठाकडून काय हवे आहे?

जनजागृती शिबिरांचे विषय ठरलेले असतात : स्वच्छता, व्यसनमुक्ती, वृक्षारोपण. ते चुकीचे नाहीत. पण चहूबाजूंनी जंगल असलेल्या गावाला वृक्षारोपणाचे महत्त्व सांगण्याआधी तिथले लोक कशाशी झगडत आहेत, हे पाहायला हवे.

दोन कायदे इथे महत्त्वाचे आहेत. पहिला १९९६ चा 'पेसा', म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा पंचायत विस्तार कायदा. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरमधील राजुरा परिसरातील गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्राने पेसाचे नियम २०१४ मध्ये केले. दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम ३(१)(झ) नुसार गावाला आपल्या पारंपरिक जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो. बांबू, तेंदू, मोह, मध, लाख, डिंक असे गौण वनोपज गोळा करणे आणि विकणे हाही हक्क आहे.

कागदावर हक्क आला की काम संपत नाही, तिथून सुरू होते. तेंदूपानांच्या लिलावाचेच पाहा. ग्रामसभेला निविदा काढायची असते, ठेकेदाराशी करारनामा करायचा असतो, बोनसचा हिशेब ठेवायचा असतो, बँक खाते चालवायचे असते, वाहतूक परवाना द्यायचा असतो. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपानांवर १८ टक्के कर लागला आणि ग्रामसभांपुढे कर कोणी भरायचा, विवरणपत्र कसे द्यायचे, हे नवेच प्रश्न आले. करारातली एक ओळ चुकली तर हंगामाची कमाई अडकते.

वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांनी ग्रामसभेच्या सचिवाला सोपी हिशेबवही शिकवली, विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी करारनाम्याचा नमुना गोंडी आणि मराठीत समजावला, वनस्पतिशास्त्राच्या विभागाने जंगलाची मोजणी कशी करायची ते दाखवले, तर ते विस्तारकार्य गावाच्या थेट उपयोगाचे ठरते.

मेंढा-लेखाने विद्यापीठांना काय शिकवले?

धानोरा तालुक्यातील मेंढा हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव गडचिरोली शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. शेजारच्या लेखा गावासह ते 'मेंढा-लेखा' म्हणून ओळखले जाते. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथली.

१९८० च्या दशकात या भागात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध आंदोलन झाले. त्या वातावरणात मेंढ्याचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ जमली. ग्रामसभेने सर्वसहमतीने निर्णय घ्यायची पद्धत पाडली. बहुमताने नाही, कारण बहुमतात हरलेले लोक निर्णय मनापासून पाळत नाहीत, असा त्यामागचा विचार.

या पद्धतीचा पाया म्हणजे गावाचा 'अभ्यासगट'. एखादा विषय समोर आला की आधी त्याचा अभ्यास करायचा. त्यात बाहेरचा जाणकार, अधिकारी, प्राध्यापक कोणीही येऊ शकतो. माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभाच घेते. अभ्यास आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यामुळे तज्ज्ञाचे ऐकूनही गाव त्याच्या मुठीत जात नाही.

या अभ्यासाचे फळ मोठे निघाले. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दावा कसा लिहायचा, पुरावे कोणते जोडायचे, हे गावाने स्वतः शिकून घेतले. २००९ मध्ये मेंढा आणि जवळच्या मर्दा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. देशातले हे पहिले दावे. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगल आले.

पण बांबू विकायला गेल्यावर अडचण उभी राहिली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती, तर वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज होता. वाहतूक परवाना कोण देणार, यावर प्रकरण अडले. गावाने कायद्याचा मजकूर पुढे ठेवून पाठपुरावा केला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही तेव्हा हजर होते. २०१३ मध्ये हे गाव ग्रामदान कायद्याखाली ग्रामदानी झाले.

विद्यापीठांसाठी यात धडा आहे. मेंढ्यात शिकणारे प्रौढ होते, अभ्यासक्रम त्यांच्या गरजेतून ठरत होता आणि परीक्षा प्रत्यक्ष व्यवहारात होत होती. बाहेरून आलेल्या जाणकाराला इथे व्याख्यात्याच्या खुर्चीऐवजी गोलात बसावे लागले.

पाचगावचा निर्णय पुस्तकात नव्हता

चंद्रपूर जिल्ह्यातले उदाहरण गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे आहे. या छोट्या गावाला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गावाने स्वतःचे नियम बनवले. बांबू कधी, किती आणि कसा तोडायचा, मजुरी किती, गस्त कोण घालणार, हे सगळे ग्रामसभेत ठरले. जंगलाचा एक भाग देवराईसारखा राखीव ठेवला.

सर्वांत लक्षात राहणारा निर्णय तेंदूबद्दलचा. तेंदूपानांतून रोख पैसा लवकर मिळतो. पण चांगली पाने यावीत म्हणून झुडपे छाटली जातात, आग लावली जाते. त्यात झाडांचे आणि फळांचे नुकसान होते. तेंदूची फळे माणसेही खातात, पाखरेही खातात. पाचगावने तेंदूचा व्यापार सोडून बांबूवर भर दिला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखनात या गावाची दखल घेतली.

परिसरशास्त्राच्या वर्गात 'शाश्वत वापर' हा शब्द व्याख्येसह शिकवला जातो. रोखीचे उत्पन्न सोडून गावाने तो अमलात आणला. अशा गावात विद्यार्थ्यांना नेले तर ते मार्गदर्शन करायला नाही, शिकायला जातात.

शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांपुढे कोणता प्रश्न आहे?

गडचिरोलीत मराठीशिवाय गोंडी आणि माडिया बोलल्या जातात. सिरोंचाकडे तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली आणि अनेक ठिकाणी झाडीबोली ऐकू येते. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २९ लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली. तरीही गोंडी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. माडिया गोंड ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. कातकरी आणि कोलाम हे दुसरे दोन.

पहिलीत आलेल्या माडिया मुलासाठी मराठी ही घरी न ऐकलेली भाषा असते. शिक्षक म्हणतो, 'पुस्तक उघडा', आणि मूल शेजारच्याकडे पाहते. गप्प बसणारे मूल 'मंद' आहे असा शिक्का सहज बसतो. खरे तर त्याला प्रश्नच कळलेला नसतो.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. संविधानाचा अनुच्छेद ३५०-क प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करायला सांगतो. २०२० चे शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत मातृभाषेवर भर देते. मग ते शिकवणारा शिक्षक कुठून येणार?

प्राथमिकसाठी डी.एल.एड. ही पदविका आहे आणि त्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे 'डाएट'ची भूमिका असते. पुढच्या वर्गांसाठी बी.एड. लागते आणि बी.एड. महाविद्यालये विद्यापीठाशी संलग्न असतात. २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यात २० आठवडे शाळांमधला प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी.

हे २० आठवडे म्हणजे या भागासाठी मोठी संधी आहे. छात्राध्यापकाने ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या सोयीच्या शाळेत काढले तर पाठटाचणांची वही भरते. तेच एटापल्ली किंवा जिवतीच्या शाळेत काढले, मुलांकडून शंभर शब्द शिकला, त्यांची चित्रमय शब्दपेटी केली, आजीकडून ऐकलेली गोष्ट दोन भाषांत लिहून वर्गात वाचली, तर शाळेच्या हाती साहित्य उरते आणि तो शिक्षक म्हणून बदलतो. मार्गदर्शक प्राध्यापकांची कामगिरीही अशा शब्दपेट्यांतून आणि वाचनपुस्तिकांतून दिसू शकते.

मोहगावची शाळा : न सुटलेला पेच

धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. नाव 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल'. गोटुल ही गोंड समाजातील तरुणांची पारंपरिक संस्था. गाणी, कामे, रीतिरिवाज, गावाचा व्यवहार तिथे शिकला जाई. मोहगावच्या शाळेत गोंडीतून शिक्षण आणि त्यासोबत मराठी, इंग्रजी अशी रचना करण्यात आली.

२०२२ मध्ये शिक्षण विभागाने ही शाळा विनापरवानगी असल्याची नोटीस दिली. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास एक लाखापर्यंत दंड आणि पुढे चालू ठेवल्यास दररोज दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामसभेने पाचव्या अनुसूचीचा आणि संविधानातील भाषिक हक्कांचा आधार घेत शाळेची बाजू मांडली.

पेच खरा आहे. मान्यतेचे नियम मुलांच्या सुरक्षेसाठी आणि दर्जासाठी असतात. मान्यता नसलेल्या शाळेतल्या मुलाचे पुढच्या शाळेत काय होणार, ही पालकांची काळजीही खोटी नाही. दुसरीकडे ज्या भाषेला राज्यात माध्यम म्हणून अधिकृत पाठ्यपुस्तकेच नाहीत, त्या भाषेतली शाळा मान्यतेचे निकष पूर्ण कशी करणार?

इथे विद्यापीठाला करण्यासारखे बरेच आहे. गोंडीतल्या पाठ्यपुस्तकांची भाषाशास्त्रीय तयारी, लिपी कोणती वापरायची यावरची खुली चर्चा, गोंडी जाणणाऱ्या तरुणांसाठी शिक्षक-प्रशिक्षण, मुलांच्या प्रगतीचे तटस्थ मूल्यमापन. ही कामे ग्रामसभा एकटी करू शकत नाही आणि शिक्षण विभागाच्या नोटिसीने ती होत नाहीत.

गोंडवाना विद्यापीठ गावापर्यंत कसे जाते?

'विद्यापीठ आपल्या गावात' हा विद्यापीठाचा उपक्रम शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी आहे. घर, शेती आणि मजुरी सोडून शहरात येणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी पदवीचे वर्ग गावातच भरवायचे, ही त्यामागची कल्पना. दहावी-बारावीनंतर लग्न झालेल्या मुली आणि शेतीत अडकलेले तरुण यांच्यासाठी अंतर हाच मोठा अडथळा असतो. वर्ग गावात आला की तो दूर होतो.

दुसरे काम विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्राचे. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने विद्यापीठात हे केंद्र उभे राहिले. स्थानिक वनोपज आणि कौशल्ये यांना तंत्रज्ञानाची जोड देणे हा त्याचा हेतू. गरज कुठे आहे, हे मोहाच्या उदाहरणावरून कळते. मोहफुले वेचताना खालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत आहे. त्यातून वणवे लागतात आणि फुलांना माती-राख लागते. झाडाखाली जाळी बांधली तर फुले स्वच्छ मिळतात, आग लागत नाही आणि भाव बरा मिळतो. साधी गोष्ट, पण जाळीची किंमत, टिकाऊपणा, सुकवणे आणि साठवण हे सगळे जमले तरच ती गावात रुजते.

चंद्रपूरच्या गरजा थोड्या वेगळ्या आहेत. तिथे कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, तसेच ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या जंगलातले वाघ आहेत. घुग्घुस-राजुऱ्याकडे हवा आणि पाण्याची तपासणी लोकांना समजेल अशा भाषेत पोहोचवणे, तर सिंदेवाही-मूलकडे सरपणाला जाणाऱ्या बायांची वाघापासून सुरक्षितता, हे विस्तारकार्याचे विषय ठरतात. चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र याच जिल्ह्यात आहे.

संशोधन गावाकडे परत येते का?

या भागावर पीएच.डी. पुष्कळ होतात. आदिवासींची गाणी, औषधी वनस्पती, सण, आरोग्य यांवर माहिती गोळा होते. ती देणारा पुजारी किंवा सुईण प्रबंधात 'निवेदक क्रमांक अमुक' होऊन जातात. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा बौद्धिक संपदेचा हक्क मान्य केला आहे. त्यामुळे ग्रामसभेला विचारून काम करणे आणि निष्कर्ष गावाला समजेल अशा भाषेत परत देणे हे सौजन्यापलीकडे हक्काचे प्रकरण आहे.

संशोधन परत आल्यावर काय घडते, याचे जगभर गाजलेले उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. ते विद्यापीठ नव्हे, पण संशोधन आणि समाज यांचे नाते त्यातून समजते. नवजात बाळांचे मृत्यू घरोघरच का होतात, याचा अभ्यास करून त्यांनी गावातल्याच बायांना बाळाचे वजन, ताप, श्वास तपासणे आणि उपचार करणे शिकवले. ३९ गावांतल्या या कामाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळांच्या काळजीची योजना देशभर आणली.

शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला आणि त्याच वेळी गावातले बाळही वाचले. प्राध्यापकांच्या कामगिरीची बातमी वाचताना हा नमुना डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

पुढची पोस्ट वाचताना काय पाहावे?

• विषय कोणी ठरवला? गावाने मागितला की वेळापत्रकात होता?

• कोणत्या भाषेत झाले? गोंडी-माडिया गावात फक्त मराठी भाषणे झाली असतील, तर समोरच्यांना किती कळले?

• पुन्हा कधी जाणार? एका दिवसाचा कार्यक्रम आणि तीन वर्षांचे काम यांत फरक असतो.

• गावात काय उरले? हिशेबवही, शब्दपेटी, प्रशिक्षित तरुण, मोजणीचा नकाशा, की नुसता बॅनर?

• निष्कर्ष परत दिले का? ग्रामसभेत वाचून दाखवले का?

• गावाकडून विद्यापीठ काय शिकले? त्यातले काही अभ्यासक्रमात आले का?

हे प्रश्न कोणाला कमी लेखण्यासाठी नाहीत. खराब रस्ते, पावसाळ्यात तुटणारा संपर्क, रिक्त पदे आणि कागदी कामाचा भार यांतही दूरच्या गावांत नेमाने जाणारे शिक्षक या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. बॅनर नसल्यामुळे त्यांचे काम फीडमध्ये दिसत नाही. तुमच्या माहितीत असे कोणी शिक्षक असतील, तर पुढच्या वेळी अभिनंदनाच्या कमेंटसोबत यातला एखादा प्रश्नही विचारा. त्याचे उत्तर द्यायला त्यांना आनंदच वाटेल.